नऊ हजार टन, म्हणजे अडीच मालगाड्या

आग्रही : आबा, शिआनच्या कारखान्यात बनलेलं 'वाय-२०' हे मालवाहू विमान २६ जानेवारी २०१३ला पहिल्यांदा उडालं आणि जुलै २०१६मध्ये चिनी हवाई दलात दाखल झालं. साठ टनांहून जास्त ओझं ते उचलतं असं चीन सांगतो. त्यांच्याकडे आज अशी किती विमानं आहेत याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण पन्नासच्या खाली कुणी येत नाही. शिवाय कारखाना चालूच आहे. आपल्याकडे त्या तोलाची सी-१७ अकरा आहेत. तीही अमेरिकेतून घेतलेली, आणि त्या विमानाचं उत्पादन २०१५मध्येच थांबलं. आपल्याला आणखी हवी होती, पण निर्णय होईपर्यंत विकायला एकच उरलं होतं. ते अकरावं २०१९मध्ये आलं. बारावं आता जगात कुणी नवं बनवून देणार नाही. रशियाची आयएल-७६ आपण १९८५पासून वापरतोय आणि एएन-३२ त्याच्याही एक वर्ष आधीपासून. शेजारी दर वर्षी नवी विमानं काढतो आणि आपण जुन्यांचं आयुष्य वाढवत बसतो, हे मला धोक्याचं वाटतं.

साशंक : आकडे तू बरोबर सांगतोस, भाऊ. पण विमानं मोजली म्हणजे ताकद मोजली असं होत नाही. गलवानच्या चकमकीनंतर आपल्या हवाई दलानं पूर्व लडाखमध्ये ६८ हजारांहून जास्त जवान, नव्वदच्या आसपास रणगाडे, सव्वातीनशेवर बीएमपी चिलखती गाड्या, तोफा आणि रडार नेले. सगळं मिळून वजन भरलं सुमारे नऊ हजार टन. आता भुसावळच्या यार्डात जाऊन उभा राहा. कोळशाची एक भरलेली मालगाडी, अठ्ठावन्न वाघिणींची, साडेतीन ते चार हजार टन घेऊन जाते. म्हणजे त्या सगळ्या पराक्रमाचं वजन अडीच मालगाड्यांएवढं. मी त्या वैमानिकांना कमी लेखत नाही. साडेदहा हजार फुटांहून उंचावरच्या लेहला, चारी बाजूंनी डोंगर असताना, भरलेलं विमान उतरवणं सोपं नाही. मला एवढंच म्हणायचंय की युद्ध महिनाभर चाललं तर ते आगगाडीवर आणि ट्रकवर चालतं. विमान पहिले चार दिवस सांभाळतं.

आग्रही : पण पहिले चार दिवस गेले तर पुढचा महिना कुठून येणार? २७ ऑक्टोबर १९४७ला डाकोटा विमानांतून पहिली शीख पलटण श्रीनगरला उतरली नसती, तर श्रीनगरचा विमानतळच हातातून गेला असता आणि मग रस्त्यानं मागून जे गेलं ते कुठं जाणार होतं? मे १९४८मध्ये हवाई दलाचे मेहरसिंग यांनी लेहच्या वाळूत आखलेल्या पट्टीवर डाकोटा उतरवलं, म्हणून लेह आपलं राहिलं. आणि ११ डिसेंबर १९७१ला टांगाईलला छत्र्यांनी उतरलेली दुसरी पॅरा बटालियन ही मूळची मराठा पलटण आहे, हे तर आपल्याकडच्या कुठल्याही माजी सैनिकाला विचारा. पाच दिवसांनी ढाका पडलं. या तिन्ही वेळी टन कमीच होते. पण ते वेळेवर पोचले होते.

साशंक : तू जिंकलेल्या गोष्टी सांगतोस. मी हरलेली सांगतो. १९६२मध्ये हवाई वाहतूक कुणाकडे होती? आपल्याकडे. चीनकडे त्या आघाडीवर सांगण्यासारखं काही नव्हतं. नामका चू नदीवरची आपली सातवी ब्रिगेड त्सांगधारच्या उतारावर विमानातून टाकलेल्या मालावर जगत होती. त्यातला कितीतरी माल दरीत गेला, कुणाच्या हाती लागला नाही. जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, तोफांना गोळे नव्हते. समोर चीननं मात्र आपल्या ठाण्यांच्या जवळपर्यंत रस्ता आणला होता. विमानवाला हरला आणि रस्तावाला जिंकला. त्याच युद्धात लडाखमध्ये चुशूलला एएन-१२ विमानांनी सहा एएमएक्स रणगाडे उतरवले, ती कामगिरी अचाट होती हे मी मान्य करतो. पण तिथंही टिकून राहण्यासाठी पायवाटेनं आणि ट्रकनं जे गेलं त्याचाच आधार होता. म्हणून मला 'वाय-२०'पेक्षा ल्हासाची आगगाडी जास्त भीतीची वाटते. गोलमुड ते ल्हासा २००६मध्ये झाली, पुढं शिगात्से २०१४मध्ये, आणि २०२१मध्ये न्यिंगची, म्हणजे अरुणाचलच्या उशाशी. यातल्या प्रत्येक टप्प्यानं जे बदललं, ते पन्नास विमानांनी बदललं नसतं.

आग्रही : आगगाडी मोठी हे मान्य. पण ती आपल्याला उपयोगी पडते कुठपर्यंत? आबा, तुम्ही पहूरचे. पीजे रेल्वे तुम्ही पाहिली, तिच्यातून प्रवास केला. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. इकडचा माल तिनं पाचोऱ्याला न्यायचा, तिथं उतरवायचा आणि पुन्हा मोठ्या रुळांच्या वाघिणीत चढवायचा. एकाच मालाला दोनदा हमाली, दोनदा वेळ. लडाखचं दुखणं नेमकं हेच आहे. वरणगावच्या कारखान्यातलं काडतूस भुसावळहून रेल्वेनं उत्तरेला जाईल, पण लेहला रूळ नाहीत. पुढं एक तर ट्रक, नाही तर चंदीगडहून विमान. हिवाळ्यात जोजिलाची खिंड बर्फाखाली गेली की ट्रकही नाही. तुमच्या अडीच मालगाड्या पायथ्याशी उभ्या राहतात. त्यातला नऊ हजार टन माल वर कोण नेणार, हा प्रश्न आहे.

साशंक : हा मुद्दा खरा आहे. अदलाबदलीच्या ठिकाणीच सगळं अडतं. पण मग विमानं किती आहेत यापेक्षा त्या ठिकाणी काय आहे ते बघ. लेहला एका वेळी मोठी विमानं उभी करायला जागा किती? उतरलेला रणगाडा बाजूला घ्यायला, पेट्या उचलायला यंत्रं आणि माणसं किती? लेहची विमानं सकाळी का येतात? दुपारी ऊन चढलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते, पंखांना उचल मिळत नाही, वारेही सुटतात. म्हणजे दिवसातले कामाचे तास ठरलेले. तू विमानं दुप्पट केलीस आणि पट्टी, उभं राहायची जागा आणि तास तेवढेच राहिले, तर फेऱ्या काही दुप्पट होत नाहीत. एप्रिल २०२१ आठव. ऑक्सिजनअभावी माणसं जात होती. तेव्हा हवाई दलाच्या सी-१७नं पुण्याहून जामनगरला रिकामे टँकर नेले. भरलेले नेले नाहीत, कारण द्रवरूप ऑक्सिजन विमानातून नेणं धोक्याचं. भरलेले टँकर आले ते आगगाडीनं. पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमला गेली ती घाट टाळून, वसईवरून सुरत, जळगाव, भुसावळ अशी. घाटातल्या बोगद्यांत उंच टँकर बसत नव्हते. परतताना तीन टँकर नागपूरला उतरले, चार नाशिकला. आपल्याच स्टेशनांवरून गेली ती गाडी. विमानानं वेळ वाचवला, आगगाडीनं ऑक्सिजन आणला.

आग्रही : त्या उदाहरणातून मी उलटा अर्थ काढतो. रिकामा टँकर रस्त्यानं परत जायला दोन-तीन दिवस लागले असते. ते दिवस विमानानं वाचवले म्हणूनच टँकर लवकर भरले गेले. जिथं एक-एक दिवस मोलाचा आहे तिथं वजन बघून विमानाची किंमत ठरवू नका. आणि पट्ट्या म्हणाल, तर त्याही वाढताहेत. सोळा हजार फुटांवरच्या दौलत बेग ओल्डीला २००८मध्ये एएन-३२ उतरलं, २०१३मध्ये सी-१३० उतरलं. न्योमाला जवळपास पावणेचौदा हजार फुटांवर पक्की धावपट्टी बांधायला घेतली गेली. पट्टी वाढली की विमान कमी पडणार, हे सरळ आहे.

साशंक : उंचीचीच गोष्ट निघाली तर एक विसरू नकोस. तिबेटातले चीनचे विमानतळ मुळातच उंचावर आहेत. ल्हासाचा साडेतीन हजार मीटरवर, अलीचा चार हजार दोनशेच्याही वर. तिथून उडणारं विमान पूर्ण ओझं घेऊन उडू शकत नाही. आपले तळ पंजाबात, हरियाणात, सपाटीला. हा निसर्गानं दिलेला फायदा आहे.

आग्रही : हा फायदा लढाऊ विमानांच्या बाबतीत. तिथून उडताना इंधन नाही तर बॉम्ब कमी करावे लागतात, हे खरं. मालवाहू विमानाला तो हिशेब तसाच लागू होत नाही. 'वाय-२०' ल्हासाहून भरून निघणार नाही, ते चेंगडूहून किंवा शिआनहून भरून निघेल, म्हणजे सपाटीवरूनच. वर जाईल भरलेलं, खाली येईल रिकामं. आपली विमानं चंदीगडहून जसं करतात अगदी तसंच. म्हणून या एका बाबतीत उंची दोघांनाही सारखीच आहे.

साशंक : बरोबर. हे मी असं पाहिलं नव्हतं. पण मग अंतर बघ. चंदीगड ते लेह तासाभराचं उड्डाण. चेंगडू ते ल्हासा दोन तासांहून जास्त, आणि शिनजियांगमधल्या होतानला जायचं तर आणखी लांब. एकच विमान आपल्या बाजूनं दिवसात जेवढ्या फेऱ्या मारेल तेवढ्या त्यांच्या बाजूनं मारणार नाही. म्हणजे त्यांची पन्नास आणि आपली अकरा, यांच्यातली दरी लडाखपुरती तरी कागदावर दिसते तेवढी नाही. आणि दुसरं असं की तिबेटात त्यांच्याकडे आगगाडी आहे, चांगले रस्ते आहेत. सैनिकांची अदलाबदल ते प्रवासी विमानांनीही करतात. मग 'वाय-२०' त्यांना तिबेटासाठी एवढ्या संख्येनं लागतंच कशाला? माझा तर्क असा, की ती विमानं आपल्या सीमेसाठी बनलेलीच नाहीत.

आग्रही : मग कशासाठी?

साशंक : त्यांनी ती कुठं वापरली ते बघ, उत्तर मिळेल. मे २००८मध्ये वेनचुआनचा भूकंप झाला. डोंगरातली गावं तुटली, रस्ते दरडींखाली गेले. माओशियान जिल्ह्याकडून काही खबर येईना. १४ मेला पंधरा छत्रीधारी सैनिकांनी सुमारे पाच हजार मीटरवरून, खाली काय आहे ते दिसत नसताना उड्या मारल्या. जमिनीवरून कुणी खूण करायला नाही, हवामानाची माहिती नाही. चीनमध्ये ते पंधरा जण आजही वीर मानले जातात, आणि ते योग्यच आहे. पण जगातल्या सर्वांत मोठ्या सैन्याला एका जिल्ह्यात पोचायला पंधरा माणसं छत्रीनं टाकावी लागली, ही गोष्ट त्यांचे नेते विसरले नसणार. मोठ्या विमानाचा कार्यक्रम त्याआधीच मंजूर झाला होता. भूकंपानं त्याची निकड दाखवली. मग फेब्रुवारी २०२०मध्ये वुहानला डॉक्टर आणि सामान घेऊन 'वाय-२०' गेली. जानेवारी २०२२मध्ये ज्वालामुखीनंतर टोंगाला मदत घेऊन गेली, प्रशांत महासागराच्या मध्यावर. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सहा विमानं सर्बियाला विमानवेधी क्षेपणास्त्रं घेऊन उतरली. बेलग्रेडला, युरोपात. जिबूतीला त्यांचा तळ २०१७पासून आहे. ही हिमालयाची विमानं नाहीत. जिथं आगगाडी पोचत नाही, समुद्र ओलांडावा लागतो, तिथली आहेत ती.

आग्रही : आबा, तुम्ही माझी चिंता कमी केली नाहीत, तिला दुसरी दिशा दिलीत. ३ नोव्हेंबर १९८८ आठवा. मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी सत्ता बळकावायचा प्रयत्न केला. अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली. त्याच संध्याकाळी आग्र्याहून आयएल-७६ विमानं छत्रीधारी ब्रिगेडचे जवान घेऊन निघाली आणि रात्री हुलहुलेच्या पट्टीवर उतरली. दोन हजार किलोमीटरहून लांब, मध्ये न थांबता. तेव्हा त्या भागात त्या रात्री पोचू शकणारा शेजारी एकच होता, आपण. त्या एका रात्रीवर आपली किती वर्षांची पत उभी आहे! नेपाळचा २०१५चा भूकंप, तुर्कीचा २०२३चा, म्यानमारचा २०२५चा, प्रत्येक वेळी आपली विमानं लगेच निघाली. पण आता पोचणारे आपण एकटे नाही. तुम्ही म्हणता ती विमानं आपल्या सीमेसाठी नाहीत. मी म्हणतो, ती आपल्या शेजाऱ्यांच्या अंगणात उतरण्यासाठी आहेत. मला ते जास्त झोंबतं.

साशंक : झोंबायला हरकत नाही. पण उपाय काय सांगतोस?

आग्रही : स्वतः बनवणं. चीननं हे कसं केलं ते बघा. २००५मध्ये त्यांनी रशियाकडे आयएल-७६ आणि त्याचीच इंधनवाहू जात, अशी अडतीस विमानं मागितली. ती बनायची होती ताश्कंदच्या कारखान्यात, आणि तो कारखाना ते करू शकला नाही. करार बारगळला. विकत मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या विमानाचा रस्ता धरला आणि आठ वर्षांत ते उडवलं. आज त्याच सांगाड्याचं त्यांनी इंधन पाजणारं विमान केलंय, वाय-वाय-२०. आपल्याकडे हवेत इंधन भरणारी आयएल-७८ फक्त सहा आहेत. एक सांगाडा हाताशी असला की त्यातून चार कामं निघतात. आपण मात्र प्रत्येक काम वेगळ्या दुकानातून घेतो.

साशंक : चीननं स्वतः बनवलं, हे जरा सावकाश म्हण. 'वाय-२०' उडालं तेव्हा त्याला रशियाचीच डी-३० इंजिनं होती, जुन्या आयएल-७६ची. स्वतःचं डब्ल्यूएस-२० इंजिन त्यावर बसायला आणखी बरीच वर्षं गेली. आणि सी-१७ची माहिती बोइंगच्या संगणकांतून चोरण्याच्या कटात सु बिन नावाच्या चिनी व्यावसायिकानं अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, २०१६मध्ये त्याला सेहेचाळीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यामुळे आठ वर्षांत हे झालं ते फक्त जिद्दीनं झालं असं आपल्या तरुणांना सांगू नकोस. त्यामागं पैसा होता, उसनं इंजिन होतं आणि चोरलेली कागदपत्रंही होती.

आग्रही : चोरीचं समर्थन मी करत नाही. पण उसन्या इंजिनावर सुरुवात करण्यात मला कमीपणा दिसत नाही. ज्याच्याकडे विमान आहे तो इंजिन बदलू शकतो. ज्याच्याकडे विमानच नाही त्यानं इंजिन कशावर बसवायचं? आपण सप्टेंबर २०२१मध्ये छप्पन्न सी-२९५ घ्यायचा करार केला. त्यातली सोळा स्पेनमधून तयार आली, चाळीस बडोद्याला टाटांच्या कारखान्यात बनणार. २०२२मध्ये तो कारखाना नागपूरच्या मिहानला का आला नाही, यावरून आपल्याकडे महिनाभर राजकारण झालं. मला त्यात रस नाही. तो कारखाना कुठंही असो, देशात एक खासगी कंपनी पहिल्यांदाच लष्करी विमान पूर्ण जोडणार, हे मोठं आहे. पण ते विमान लहान आहे, आठ-नऊ टनांचं. इंजिन कॅनडातल्या कंपनीचं. त्याच्या वर, सी-१३० किंवा आयएल-७६च्या तोलाचं आपलं स्वतःचं काही नाही. मध्यम वजनाची ऐंशीपर्यंत विमानं घ्यायची चर्चा झाली आहे, तीही परदेशी आराखड्याची. या वजनाच्या गटात आपण उभं राहायचं की नाही, हे ठरवायला हवं.

साशंक : आणि मी विचारतो, ते ठरवण्याआधी एएन-३२चं काय? त्या विमानांचं नूतनीकरण आपण युक्रेनशी करार करून करवून घेत होतो. काही कीव्हमध्ये झाली, उरलेली कानपूरला व्हायची होती. २०१४ला तिकडं लढाई सुरू झाली आणि सुटे भाग अडकले. जुलै २०१६मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एक एएन-३२ बंगालच्या उपसागरावर गायब झालं. एकोणतीस जण होते त्यात. अवशेष सापडले ते थेट २०२४मध्ये, समुद्राच्या तळाशी, तीन हजार चारशे मीटर खोल. साडेसात वर्षं त्या एकोणतीस घरांनी काय केलं असेल? जून २०१९मध्ये अरुणाचलच्या डोंगरात आणखी एक कोसळलं, तेरा जण गेले. ते अपघात का झाले यावर मी काही बोलत नाही. मी एवढंच म्हणतो, की आपल्या फौजेचं रोजचं ओझं आजही याच विमानांवर आहे. मोठ्या स्वप्नाच्या आधी, आज उडणाऱ्या विमानाला वेळेवर सुटे भाग मिळतील याची हमी द्या. स्वदेशी सुटे भाग हे मोठ्या स्वदेशी विमानापेक्षा कमी दिमाखाचं काम आहे, पण त्यावर आज जीव अवलंबून आहेत.

आग्रही : ते काम आणि हे काम वेगळं नाही, आबा. सुटे भाग अडकतात, कारण विमान दुसऱ्याचं आहे. कीव्हला लढाई झाली म्हणून अरुणाचलच्या तुकडीची रसद का डळमळावी? ते अवलंबित्व तुम्ही एका-एका नट-बोल्टनं कमी करू शकता, पण आराखडा दुसऱ्याचा असेल तर शेवटची सही त्याचीच लागते.

साशंक : मग पैसा कुठून? जोजिलाचा बोगदा, तेरा किलोमीटरच्या आसपास लांब, चालू आहे. रोहतांगचा अटल बोगदा २०२०मध्ये खुला झाला. काश्मीरपर्यंत आगगाडी गेली. जोजिला पुरा झाला की लेहचा रस्ता बाराही महिने उघडा राहण्याची आशा आहे. त्या दिवशी लडाखची हवाई रसद आजच्याएवढी लागणार नाही. म्हणजे आज ज्या गरजेचा हवाला देऊन तू विमानं मागतोस, ती गरज बोगदा भागवणार. पुढं लागतील ती विमानं मालदीवसाठी, अंदमानसाठी, म्यानमारच्या भूकंपासाठी. त्यांची संख्या वेगळी, वजन वेगळं, धावपट्ट्या वेगळ्या. ऐंशीचा आकडा यातल्या कुठल्या गरजेतून निघालाय?

आग्रही : ते कुणी नीट सांगितलेलं मला तरी माहीत नाही. हा प्रश्न मी सोबत नेतो. पण बोगदा दरडीनं बुजतो, एका क्षेपणास्त्रानंही बंद होऊ शकतो. वेनचुआनला त्यांचे रस्ते तासाभरात गेले होते. बोगदा झाला म्हणून विमान नको, हे मला पटत नाही.

साशंक : मी विमान नको म्हणत नाही. कुठल्या चार दिवसांसाठी हवं ते आधी सांग, म्हणतोय. आणि शेजाऱ्याच्या पट्टीवर उतरायची गोष्ट असेल तर आणखी एक. १९८८ला आपण गेलो ते गयूम यांनी बोलावलं म्हणून. आज चीनचं विमान शेजारी उतरलं, तर तेही कुणीतरी बोलावलं म्हणूनच उतरेल. ते बोलावणं कशानं येतं? शंभर विमानं असली तरी ते येईलच असं नाही.

आग्रही : आणि बोलावणं आलं, त्याच रात्री आलं, आणि आपलं आयएल-७६ सुट्या भागांसाठी हँगरमध्ये उभं असलं, तर दुसऱ्या वेळी ते आपल्याला येईल का?